परिचर्येचे उच्च शिक्षण : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत चिंचोळीची जी औद्योगिक वसाहत आहे, तिथे रसायनांपासून यंत्रभागांपर्यंत नाना जिनसांचे कारखाने चालतात. आणि पाळी सुटल्यावर तिथल्या कामगारांत मुलाबाळांच्या शिक्षणाची जी बोलणी निघतात, त्यांत नर्सिंगचे नाव हल्ली वरचेवर ऐकू येते. मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली, परिचर्या परिषदेकडे नाव नोंदले गेले, आता भरतीची जाहिरात निघेल तेव्हा अर्ज करायचा, इथवर सर्वांचे एकमत असते. तिने पुढे दोन वर्षे एम.एस्सी. करावयाचे म्हटले की मात्र बापाच्या कपाळाला आठी पडते. ‘शेवटी सिस्टर ती सिस्टरच, सुया टोचायला एवढी पदवी कशाला?’ या प्रश्नात पैशाची विवंचना आहे आणि ती खोटी नव्हे. परंतु तिच्या जोडीला जे अज्ञान आहे, त्याचा निरास करणे अगत्याचे आहे.

पहिला समज असा की परिचर्येतील पदव्युत्तर शिक्षण हे अलीकडच्या खासगी महाविद्यालयांनी फीच्या लोभाने काढलेले खूळ आहे. वस्तुस्थिती अशी की देशातील आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल ज्या १९४६ साली सादर झाला, त्याच साली दिल्लीस आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले, आणि दिल्लीच्या त्या महाविद्यालयाने, जे पुढे राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, १९५९ साली दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही काढला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ पासून चालू आहे. खासगी महाविद्यालयांचे पीक नंतर आले आणि त्यांतील काहींची प्रत बेताचीच आहे, हे मान्य केले, तरी पिकात तण माजले म्हणून बियाण्याला बोल लावणे न्यायाचे नव्हे.

दुसरा समज अधिक पसरलेला आहे आणि त्यात सत्याचा अंशही आहे : एम.एस्सी. झालेली परिचारिका रुग्णाच्या खाटेपासून कायमची दूर जाते आणि फळ्यासमोर उभी राहते. आपल्याकडे एम.एस्सी. झालेल्यांतील पुष्कळजणी अध्यापनात जातात, हे खरे. अध्यापन हे हलके काम आहे असे मानणाऱ्या सोलापूरकराने एवढे आठवावे की ज्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा या शहराला रास्त अभिमान आहे, त्यांच्या चिनी पत्नी ग्वो छिंगलान या परिचर्येच्या शिक्षिकाच होत्या. परंतु एम.एस्सी.चा अभ्यासक्रम केवळ शिक्षिका घडविण्यासाठी आखलेला नाही. परिचर्याशिक्षणाबरोबरच प्रगत परिचर्या, संशोधन व संख्याशास्त्र, परिचर्या व्यवस्थापन हे विषय त्यात आहेत. प्रौढांची वैद्यकीय-शल्य परिचर्या, बालपरिचर्या, मानसिक आरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग आणि सामुदायिक आरोग्य या पाचांपैकी एका शाखेत दोन्ही वर्षे प्रावीण्य मिळवावे लागते, आणि शेवटी प्रबंध लिहावा लागतो.

या विद्येचा प्रत्यक्ष उपयोग काय, हे पाहण्यास चिंचोळीबाहेर जाण्याचे कारण नाही. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वैद्यकीय आणि परिचर्या कर्मचाऱ्यांच्या ताब्यातील रुग्णोपचार कक्ष असावा, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४५व्या कलमाने केली होती. त्याहून लहान कारखान्याचा कारभार प्रथमोपचाराची पेटी आणि प्रमाणपत्रधारक माणूस यांवर चाले. आता अशा कक्षातील टेबलावरची नोंदवही डोळ्यांपुढे आणा. तारीख, नाव, खाते, तक्रार, दिलेला उपचार अशा रकान्यांत ‘खोकला’, ‘छाती भरली’, ‘डोळ्यात थेंब उडाला’ अशा नोंदी एकीखाली एक चाललेल्या असतात. डोळ्यात क्षार उडाला तर वाहत्या पाण्याखाली डोळा निदान पंधरा मिनिटे धरलाच पाहिजे, कामगार कितीही चुळबुळला तरी हात सोडू नये, हे कोणतीही चांगली परिचारिका जाणते. त्याला उच्च पदवी लागत नाही. परंतु सूत कातण्याच्या खात्यातील माणसांची छाती भरल्याची तक्रार साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या पाळीलाच का दाटून येते आणि आठवडा सरता सरता का ओसरते, हा प्रश्न त्या वहीला विचारणारी व्यक्ती निराळ्या शिक्षणातून तयार होते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकाराची ही प्रसिद्ध खूण आहे. एकेका कामगाराला खोकल्याचे औषध देऊन वाटेला लावले तर ती कधीच दिसत नाही. खातेनिहाय आणि वारनिहाय नोंदी मांडल्या, श्वासमापन केले, तर दिसते, आणि मग धूळ शोषणाऱ्या यंत्रणेविषयी व्यवस्थापकाकडे लेखी बोलता येते. गोंगाटाच्या खात्यातील श्रवणचाचणीचेही तसेच आहे : बहिरेपणा संभाषणात जाणवण्याच्या आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास आलेखात खळगा पडतो, आणि तो वाचणाऱ्याला कान वाचविण्यास अवधी मिळतो. सामुदायिक आरोग्य शाखेतील संख्याशास्त्राचे चार तास कंटाळवाणे वाटतात खरे, पण त्यांचे व्याज असे मिळते.

तिसरा समज भीतीच्या जातीचा आहे. ‘नर्स प्रॅक्टिशनर’ म्हणजे मागच्या दाराने आत शिरलेला अर्धा डॉक्टर, असे काही वैद्यकीय व्यावसायिक बोलतात, आणि बोगस डॉक्टरांनी हैराण झालेल्या लोकांना ते पटतेही. ही कल्पना अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ साली मूर्त रूपास आली. लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हा बालरोगतज्ज्ञ या दोघांनी मिळून तो अभ्यासक्रम रचला, अर्थात त्याच्या जन्मापाशी डॉक्टर हजर होता. तिकडे काही राज्यांत अशा परिचारिकांना स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याची मुभा आहे, काहींत डॉक्टरांशी करार बंधनकारक आहे. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा जो निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला, त्यात प्रगत विकृतिशास्त्र, औषधशास्त्र आणि शरीरतपासणी यांचे कसून शिक्षण असून बहुतेक काळ प्रत्यक्ष रुग्णापाशी जातो. परंतु त्यातून निघालेल्या परिचारिकेने स्वतःचा दवाखाना थाटावा हा हेतू नाही, रुग्णालयाने संमत केलेल्या कार्यपद्धतीच्या चौकटीत तिने निर्णय घ्यावयाचे असतात. कृत्रिम श्वसनावरील रुग्णाचा प्राणवायू रात्री तीन वाजता उतरू लागला, तर कारण नळीत साचलेल्या स्रावाचे आहे, यंत्राचे आहे की फुप्फुसाचे, हे पहिल्या मिनिटात ओळखणारे माणूस खाटेशी उभे असावे, एवढाच त्यातला मथितार्थ आहे. प्रसूतिसेवेसाठीचा अठरा महिन्यांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम यापासून वेगळा आहे. दोहोंची गल्लत जाहिरातींतही होते.

नेतृत्व नुसत्या ज्येष्ठतेने अंगी येते, हा समज मात्र नुसता लोकांचा नाही, तो सरकारी दप्तराचाही आहे. अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग अधिसेविका अशी हुद्द्यांची उतरंड आपल्याकडे रूढ आहे, आणि तिच्यावर चढण्याचा शिरस्ता बव्हंशी सेवाज्येष्ठतेचा आहे. अनुभवाचे मोल कोणी नाकारू नये. वीस वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या इन्चार्ज सिस्टरला जे कळते ते पुस्तकात नाही. पण जंतुसंसर्गाचे प्रमाण मोजणे, पाळीगणिक मनुष्यबळाचा हिशेब बसविणे, औषध देण्यातील चुका दडपून न टाकता त्यांचे मूळ शोधणे, ही कामे नुसत्या वर्षांनी अंगी येत नाहीत, शिकावी लागतात. ती शिकून आलेल्या मुलीला पुन्हा त्याच पाळीत, त्याच कामावर रुजू करून घेतले जाते, तेव्हा दोष पदवीचा नसून त्या पदवीसाठी पद निर्माण न करणाऱ्या व्यवस्थेचा असतो. बापाच्या कपाळावरच्या आठीला येथे थोडा आधार आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १९४७ च्या परिचर्या परिषद अधिनियमाची जागा घेण्यासाठी २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत झाला. परंतु कायद्याने नियामक बदलतो, रुग्णालयाच्या आकृतिबंधात पद मंजूर करणे हे मालकाच्या, मग तो शासन असो की विश्वस्त मंडळ, हाती राहते.

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) पदविका घेतलेल्यांना पुढची वाट बंद असते, ही समजूतही निराधार आहे; नोंदणीकृत पदविकाधारकाला दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून एम.एस्सी.कडे वळता येते, आणि ती वाट ब्रदरांनाही तितकीच खुली आहे. एम.एस्सी.साठी पदवीला किमान ५५ टक्के गुण आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव मागितला जातो. ज्याला दोन वर्षे परवडत नाहीत, त्याने भाजलेल्या रुग्णांची परिचर्या किंवा आपत्कालीन परिचर्या यांतील एक वर्षाच्या पोस्ट बेसिक पदविकेचा विचार करावा. रसायनांच्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्या माणसाला यांचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. मात्र प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी महाविद्यालयाची मान्यता त्याच शाखेसाठी आणि त्याच वर्षासाठी आहे काय, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी किंवा अन्य मान्य विद्यापीठाशी ते संलग्न आहे काय, आणि ज्या रुग्णालयात शिकावयाचे तिथे त्या शाखेचे रुग्ण खरोखर दाखल असतात काय, याची चौकशी स्वतः वॉर्डात जाऊन करावी, माहितीपत्रकावरून करू नये.