वापरकर्ता खात्यांची स्वयंचलित निर्मिती

संस्थेत नव्याने रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्याची ईमेल, संदेशवहन व अन्य संगणकीय सेवांवरील खाती एकेक करून हाताने न उघडता स्क्रिप्टच्या साहाय्याने उघडण्याच्या पद्धतीस वापरकर्ता खात्यांची स्वयंचलित निर्मिती असे म्हणतात. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने ठरावीक क्रमाने पार पाडावयाच्या आज्ञांची लिखित यादी होय. कर्मचारी संस्था सोडून गेल्यावर त्याची खाती बंद करणे हाही या पद्धतीचाच भाग मानला जातो.

पार्श्वभूमी

युनिक्स प्रणालीवर वापरकर्त्याची नोंद म्हणजे मुळात एका मजकूर-फाइलमधील एक ओळ असे. त्यामुळे नावांची यादी वाचून अनेक खाती एकदम उघडणाऱ्या शेल स्क्रिप्ट लिहिणे तेथे सोपे होते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० सर्व्हरबरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही निर्देशिका आली. संस्थेतील सर्व वापरकर्ते, त्यांचे गट आणि संगणक यांची नोंद ती एका ठिकाणी ठेवते. २००६ साली पॉवरशेल ही आज्ञाभाषा प्रसिद्ध झाली. एक्स्चेंज २००७ ही ईमेल प्रणाली आणि लिंक सर्व्हर २०१० ही संदेशवहन प्रणाली या दोहोंची व्यवस्थापन-साधने पॉवरशेलवर उभारलेली होती. परिणामी निर्देशिकेतील नोंद, टपालपेटी आणि संदेशवहनाची परवानगी ही तिन्ही कामे एकाच स्क्रिप्टमधून करता येऊ लागली.

कार्यपद्धती

प्रक्रियेचा आरंभ मनुष्यबळ विभागाकडील यादीपासून होतो. ही यादी बहुधा स्वल्पविरामाने स्तंभ वेगळे केलेल्या फाइलच्या रूपात असते. तीत नाव, आडनाव, पद, विभाग व रुजू होण्याचा दिनांक यांचे स्तंभ असतात. स्क्रिप्ट एकेक ओळ वाचून पुढील कामे क्रमाने करते :

१. ठरलेल्या नियमानुसार वापरकर्तानाव तयार करणे व ते आधीच कोणाला दिलेले नाही याची खात्री करणे.
२. निर्देशिकेत खाते उघडून विभागानुसार योग्य त्या गटांत घालणे.
३. टपालपेटी उघडणे व संदेशवहन सेवा चालू करणे.
४. तात्पुरता परवलीचा शब्द देऊन पहिल्या प्रवेशावेळी तो बदलण्याची सक्ती करणे.
५. केलेल्या प्रत्येक कृतीची नोंद ठेवणे.

मोठ्या संस्थेत निर्देशिकेच्या प्रती अनेक सर्व्हरांवर असतात. एका सर्व्हरवर केलेला बदल इतरांपर्यंत पोहोचण्यास काही वेळ लागतो. खाते एका सर्व्हरवर उघडून लगेच दुसऱ्या सर्व्हरकडे टपालपेटीची मागणी केल्यास ‘असा वापरकर्ता नाही’ असे उत्तर येते. यासाठी सर्व आज्ञा एकाच नेमलेल्या सर्व्हरकडे पाठवणे इष्ट ठरते.

नावांचे प्रश्न

वापरकर्तानावाचा नियम वरवर सोपा वाटतो, पण बहुतेक अडचणी तेथेच उद्भवतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील जुन्या धर्तीच्या प्रवेशनावास २० अक्षरांची मर्यादा आहे. ‘ज्ञानेश्वर कुलकर्णी’ हे नाव रोमन लिपीत मराठी वळणाने लिहून मध्ये एक बिंदू दिला तर बरोबर २० अक्षरे होतात. याच नावाचा दुसरा कर्मचारी आला आणि शेवटी २ हा अंक जोडला, की मर्यादा ओलांडली जाते. अशा वेळी नाव कसे आखूड करावे, हे स्क्रिप्टमध्ये आधीच लिहून ठेवावे लागते.

लिप्यंतर हा दुसरा प्रश्न होय. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमन लिपीत मराठी भाषक ‘डी’ या अक्षराने, तर हिंदी भाषक बहुधा ‘जी’ने सुरू करतात. म्हणून देवनागरी नावावरून रोमन स्पेलिंग स्क्रिप्टने ठरवण्यापेक्षा कर्मचारी स्वतः जे स्पेलिंग लिहितो, तेच यादीत घेणे श्रेयस्कर असते. यादी युनिकोडच्या यूटीएफ-८ या स्वरूपात जतन केली नसल्यास देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटण्याचा संभव असतो.

चुका व खबरदारी

हाताने काम करणाऱ्याची चूक एका खात्यापुरती राहते. स्क्रिप्टमधील चूक मात्र यादीतील प्रत्येक नावाला लागू होते. चुकीच्या गटाचे नाव लिहिले गेल्यास अनेक नवागतांना वेतनपत्रकासारखी गोपनीय कागदपत्रे उघडी होऊ शकतात. पॉवरशेलच्या अनेक आज्ञांना ‘व्हॉट-इफ’ हा पर्याय जोडता येतो. तो दिल्यास प्रत्यक्ष बदल न होता काय घडले असते एवढेच दिसते. स्क्रिप्ट मध्येच थांबून पुन्हा चालवल्यास तीच खाती दुबार उघडली जाऊ नयेत, अशी तिची रचना असावी लागते. व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द स्क्रिप्टच्या मजकुरात लिहून ठेवणे असुरक्षित मानले जाते.

खाती बंद करणे

नव्या कर्मचाऱ्याचे खाते उघडले नाही तर तो स्वतः तक्रार करतो. गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते चालू राहिले तर तक्रार करणारे कोणी नसते. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या कंपनीला खंडणीसाठी झालेल्या संगणकीय हल्ल्यामुळे आपली इंधनवाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली. पूर्व किनाऱ्यावरील अनेक पेट्रोल पंपांवर त्यामुळे तुटवडा जाणवला. हल्लेखोर दूरस्थ प्रवेशाच्या एका जुन्या खात्यातून आत शिरले होते. ते खाते वापरात नव्हते, तरी बंद केलेले नव्हते आणि त्यास दुहेरी ओळखपडताळणीही नव्हती. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली.

या कारणाने खाते उघडणारी स्क्रिप्ट लिहिताना ते बंद करणारी स्क्रिप्टही लिहिली जाते. खाते लगेच पुसून टाकत नाहीत. आधी प्रवेश रोखतात, गटांतून नाव काढतात आणि टपालपेटी ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवतात.

समान मानक

वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट सेवा वाढल्यावर प्रत्येकीसाठी निराळी स्क्रिप्ट लिहिणे जिकिरीचे झाले. यावर उपाय म्हणून ‘स्किम’ हे मानक तयार झाले. त्याची दुसरी आवृत्ती इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या संस्थेने सप्टेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. या मानकामुळे खाते उघडणे, बदलणे व बंद करणे यांचे संदेश एकाच स्वरूपात पाठवता येतात. मनुष्यबळ विभागाने राजीनाम्याची नोंदच केली नाही, तर मात्र खाते या पद्धतीतही चालूच राहते.