दुसरा पडदा कशाला हवा?

"मावशी, दोन स्क्रीनवाला फोन घेऊ का गं?" भाचीनं पहिल्या पगाराचा बेत सांगितला. मी कपाटातून आमचा जुना दोन पडद्यांचा फोन काढून तिच्या हातात ठेवला. एलजी जी-८-एक्स. डिसेंबर २०१९मध्ये भारतात आला तेव्हा किंमत ४९,९९९ रुपये, आणि ऑक्टोबर २०२०च्या ऑनलाइन सेलमध्ये १९,९९०! अशी संधी सोडेल ती बाई कसली?

ते दिवस करोनाचे. वाकोल्याच्या घरात लेकीची शाळा आणि माझं ऑफिस, दोन्ही याच फोनवर. दुसरा पडदा म्हणजे फोनचं कव्हरच, पुस्तकासारखं उघडायचं. दोन्ही पडदे ६.४ इंचांचे. एकावर बाईंचा तास, दुसऱ्यावर गृहपाठ. आडवा ठेवला की खालच्या पडद्यावर अख्खा कीबोर्ड. टेबलावर काम करायला झकास सोय!

पुढे लोकलचा प्रवास सुरू झाला आणि गणित बदललं. फोन १९२ ग्रॅम, कव्हर १३४. म्हणजे पाव किलो भेंडीहून जड! सांताक्रूझला संध्याकाळच्या लेडीज डब्यात एका हातानं कडी धरायची, मग हे पुस्तक उघडायचं कसं? शिवाय दुसऱ्या पडद्याला स्वतःची बॅटरी नाही. कव्हरसकट चार्ज करायचा तर चुंबकाचा एक चिमुकला जोड लागतो. आमच्या घरी तो दोनदा केरात जाता जाता वाचला.

एप्रिल २०२१मध्ये एलजीनं मोबाइलचा व्यवसायच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मागच्या बाजूला ई-इंकचा पडदा देणारी रशियाची योटा कंपनीही २०१९मध्ये दिवाळखोरीत गेली होती. वेगळा फोन घेताना हाही धोका धरायला हवा.

तरी कल्पना संपलेली नाही. २०२४च्या लावा अग्नी ३ला पाठीवर १.७४ इंचांचा छोटा पडदा आहे. मागच्या चांगल्या कॅमेऱ्यानं स्वतःचा फोटो काढताना तो उपयोगी पडतो. म्हणून मैत्रिणींनो, आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. दुसऱ्या पडद्यावर मी रोज काय करणार? फोन एका हातात पेलेल का? पडदा फुटला तर बदलायला किती खर्च?

भाचीला म्हटलं, "आठवडाभर हाच वापरून बघ." चौथ्या दिवशी तिचा फोन. "मावशी, कव्हर घरीच ठेवून जाते गं!"

तिला उत्तर मिळालं होतं.