प्रभूची प्रार्थना नेमकी कोठे संपते?
ग्रीक हस्तलिखितांची साक्ष आणि केडगावचा वारसा

काही काळापूर्वी दौंड येथील एका शोकाकुल घरी प्रार्थनेसाठी जाण्याचा प्रसंग आला. दौंड हे रेल्वेचे गाव. नोकरीच्या निमित्ताने येथे निरनिराळ्या प्रांतांतील आणि निरनिराळ्या पंथांतील ख्रिस्ती कुटुंबे येऊन स्थायिक झाली. त्या घरातही कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट असे दोन्ही बाजूंचे आप्त जमले होते. सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणावयास प्रारंभ केला. वाइटापासून सुटका मागणाऱ्या शब्दांपाशी अर्धी मंडळी 'आमेन' म्हणून थांबली आणि उरलेली अर्धी मंडळी राज्य, सामर्थ्य व गौरव देवाचेच आहे, असे सांगणारे वाक्य म्हणत पुढे गेली. क्षणभर सारेच अवघडले. प्रार्थनेनंतर अंगणात वडीलधाऱ्यांची थोडी शब्दाशब्दीही झाली. तेवढ्यात धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलीने आम्हाला विचारले, "फादर, ते वाक्य आपण गाळले की त्यांनी वाढवले?"

दुःखाच्या घरी सविस्तर उत्तर देणे शक्य नव्हते. परंतु प्रश्न प्रामाणिक होता आणि तो आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो. म्हणून त्याचे उत्तर येथे देण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत. त्यासाठी प्रथम ग्रीक हस्तलिखितांच्या जगात डोकवावे लागेल आणि शेवटी पुन्हा दौंड तालुक्यातच परतावे लागेल.

हाताने लिहिलेले पवित्र शास्त्र

नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. संत मत्तय किंवा संत पौल यांच्या काळातील मूळ लेख आज उपलब्ध नाहीत. उपलब्ध आहेत त्या त्यांच्या नकला, आणि नकलांवरून केलेल्या नकला. संपूर्ण वा अंशतः जपल्या गेलेल्या अशा ग्रीक प्रतींची संख्या पाच हजारांहून अधिक आहे. जर्मनीतील म्युन्स्टर येथे १९५९ साली स्थापन झालेली संशोधन संस्था त्यांची अधिकृत सूची ठेवते. प्रत्येक प्रतीला क्रमांक असतो आणि जगभरातील अभ्यासक त्या क्रमांकानेच तिचा उल्लेख करतात.

यांतील बहुसंख्य प्रती मध्ययुगातील आहेत. चौथ्या शतकातील महान ग्रंथांत सर्व अक्षरे मोठी, सुटी आणि शब्दांत अंतर न ठेवता लिहिलेली दिसतात. नवव्या शतकात एक नवे वळण रूढ झाले. त्यात अक्षरे लहान व एकमेकांना जोडलेली असत. त्यामुळे लेखन वेगाने होई आणि चर्मपत्रही कमी लागे. आपल्याकडे बाळबोध लिपीच्या शेजारी कागदपत्रांसाठी मोडीचे धावते वळण आले, तसेच काहीसे हे घडले. या लहान अक्षरांतील, ज्यावर तारीख नोंदलेली आहे असे सर्वात जुने ग्रीक शुभवर्तमान इ. स. ८३५ मधील आहे. या वळणातील अडीच हजारांहून अधिक प्रती आज ज्ञात आहेत.

जनावराचे कातडे कमावून, ताणून, घासून त्याची पाने करावयाची, त्यांवर रेघा आखावयाच्या आणि मग महिनोन् महिने बसून एकेक अक्षर उतरवावयाचे, असे ते काम होते. ते बहुधा मठवासी करीत. पुस्तकाच्या अखेरीस कित्येक लेखनिक आपल्या चुकांबद्दल क्षमा मागत आणि वाचकाने आपल्यासाठी प्रार्थना करावी, अशी विनंती करीत. एवढ्या श्रमाने लिहिणाऱ्यांनी मजकूर मुद्दाम बिघडवला, असे मानण्याचे कारण नाही. पण माणूस हाताने लिहितो तेव्हा एखादी ओळ सुटते, एखादा शब्द दोनदा पडतो आणि जे शब्द तोंडात बसलेले असतात ते नकळत लेखणीतून उतरतात.

त्या वाक्याचा प्रवास

आता प्रभूच्या प्रार्थनेकडे वळू. नव्या करारात ती दोन ठिकाणी आढळते. संत लूककृत शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात ती थोडक्यात आहे आणि तेथे हे समारोपाचे वाक्य नाही. प्रश्न संत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायातील १३ व्या वचनाचा आहे. चौथ्या शतकातील दोन श्रेष्ठ प्रती, म्हणजे व्हॅटिकन ग्रंथालयातील व्हॅटिकानुस आणि सिनाई पर्वतावरील मठात सापडलेली सिनाइटिकुस, या दोहोंतही ते वाक्य नाही. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरातही ते नाही. उलट मध्ययुगातील बहुसंख्य ग्रीक प्रतींत मात्र ते आहे.

मग ते आले कोठून? याचे उत्तर शोधताना आणखी एका मध्ययुगीन ग्रीक हस्तलिखिताची मदत होते. १८७३ साली कॉन्स्टंटिनोपल येथे फिलोथेओस ब्रिएनिओस या ऑर्थोडॉक्स विद्वानास एक जुनी पोथी सापडली. लेओन नावाच्या लेखनिकाने ती १०५६ साली पूर्ण केली होती. त्या पोथीत 'दिदाखे', म्हणजे प्रेषितांची शिकवण, हा आद्य ख्रिस्ती ग्रंथ होता. १८८३ साली तो प्रसिद्ध झाला. पहिल्या शतकाच्या अखेरीचा किंवा दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा हा ग्रंथ श्रद्धावंतांना दिवसातून तीन वेळा प्रभूची प्रार्थना म्हणावयास सांगतो, आणि तेथे प्रार्थनेच्या शेवटी देवाच्या सामर्थ्याचा व गौरवाचा उद्घोष आहे. 'राज्य' हा शब्द मात्र तेथे नाही.

यावरून उलगडा होतो. यहुदी परंपरेत प्रार्थनेचा समारोप देवाच्या स्तुतीने करण्याची रीत होती. पहिल्या इतिहासाच्या २९ व्या अध्यायातील दावीद राजाची प्रार्थना वाचली तर हेच शब्द तेथे भेटतात. आद्य ख्रिस्ती मंडळींनी ती रीत पुढे चालवली. उपासनेत हे वाक्य रोज म्हटले जाऊ लागले. शुभवर्तमानाची नक्कल करणाऱ्या लेखनिकाच्या कानात तेच शब्द घुमत होते आणि पुढे ते पानावर उतरले. ग्रीक भाषिक पूर्वेकडे ते शुभवर्तमानाच्या मजकुरात रुजले, तर लॅटिन भाषिक पश्चिमेकडे तेथे रुजले नाहीत. हाच सर्व अभ्यासकांना सामान्यतः मान्य असलेला निष्कर्ष आहे.

येथे आणखी एक धडा मिळतो. हस्तलिखित उशिराचे म्हणून त्यातील मजकूरही उशिराचाच, असे नसते. १०५६ सालच्या पोथीने जवळजवळ हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ आपल्यासाठी जपून ठेवला!

छापखान्यापर्यंत

हे वाक्य आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या प्रार्थनेत कसे पोहोचले, याचीही कथा आहे. इरॅस्मस हे कॅथलिक धर्मगुरू व थोर विद्वान होते. १५१६ साली बाझल येथील फ्रोबेन यांच्या छापखान्यातून त्यांनी ग्रीक नवा करार प्रसिद्ध केला आणि तो पोप लिओ दहावे यांना अर्पण केला. त्यांच्या हाताशी मुख्यतः मध्ययुगातील मोजक्याच प्रती होत्या. त्यांतील शुभवर्तमानांची सुमारे बाराव्या शतकातील एक प्रत तर त्यांनी थेट जुळाऱ्यांच्या हाती दिली. त्या प्रतीच्या पानांवर छापखान्यासाठी केलेल्या खुणा आजही पाहावयास मिळतात.

घाई फार होती. प्रकटीकरणाच्या त्यांच्या एकमेव प्रतीचे शेवटचे पान गहाळ होते, म्हणून इरॅस्मस यांनी अखेरची सहा वचने लॅटिनमधून ग्रीकमध्ये उलट भाषांतरित केली. त्यामुळे एक गमतीची पण बोधप्रद चूक झाली. ग्रीक प्रतींत २२ व्या अध्यायाच्या १९ व्या वचनात जीवनाचे 'झाड' आहे, इरॅस्मस यांच्या छापील मजकुरात मात्र ते जीवनाचे 'पुस्तक' झाले. लॅटिनमध्ये झाडासाठी 'लिग्नो' आणि पुस्तकासाठी 'लिब्रो' असे जवळजवळचे शब्द येतात. कोणा जुन्या लॅटिन लेखनिकाची चूक अशा रीतीने ग्रीक पुस्तकात शिरली आणि तेथून अनेक भाषांत गेली.

प्रभूच्या प्रार्थनेचा समारोप इरॅस्मस यांनी ग्रीक मजकुरात छापला, परंतु तो उपासनेतून आला असावा, अशी शंकाही टीपांत नोंदवली. त्यांच्या ग्रंथाच्या १५१९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीवरून मार्टिन ल्यूथर यांनी जर्मन भाषांतर केले आणि १५२२ साली ते प्रसिद्ध झाले. पुढील भाषांतरेही त्याच वाटेने गेली. कॅथलिक ख्रिस्तसभेत लॅटिन पाठ चालू राहिला. म्हणजे दोन्ही बाजूंनी आपापल्या वाडवडिलांकडून जे मिळाले, तेच निष्ठेने जपले. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हेच, की आपण गाळले नाही आणि त्यांनीही वाढवले नाही.

पाठशुद्धीने श्रद्धा डळमळते का?

काही भाविकांना अशा चर्चेची भीती वाटते. प्रतींत फरक आहेत असे म्हटले, तर बायबलवरचा विश्वास उडेल असे त्यांना वाटते. पण महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला, तो ज्ञानेश्वरीवरील प्रेमापोटीच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ साली पूर्ण केले, आणि त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली. ज्या ग्रंथाविषयी आदर असतो, त्याच्याच प्रती माणसे इतक्या कष्टाने पडताळून पाहतात.

ख्रिस्तसभेनेही या कामाला आशीर्वाद दिला आहे. पोप पायस बारावे यांनी १९४३ साली परिपत्राद्वारे मूळ भाषांच्या व मूळ पाठाच्या अभ्यासास उत्तेजन दिले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली 'देई व्हेर्बुम' या दस्तऐवजात मूळ भाषांवरून भाषांतरे व्हावीत, आणि संधी मिळेल तेथे ती विभक्त बांधवांच्या सहकार्याने व्हावीत, असे सांगितले. हस्तलिखितांतील बहुतेक फरक शुद्धलेखनाचे व शब्दक्रमाचे आहेत. आपल्या श्रद्धेचे कोणतेही मूलतत्त्व एखाद्या वादग्रस्त ओळीवर उभे नाही.

केडगावची भाषांतरकार

आता दौंड तालुक्यात परत येऊ. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव स्थानकातून आपल्यापैकी कित्येक जण नेहमी जातात. याच केडगावात पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभे केले आणि १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना आसरा दिला. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई पुराणे सांगणाऱ्या कुटुंबात वाढल्या. पोथी म्हणजे काय, हे त्या बालपणापासून जाणत होत्या. १८७८ साली कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरवले. १८८३ साली, म्हणजे 'दिदाखे' प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मराठी बायबल खेड्यातील साध्या स्त्रीला समजावे, ही त्यांची तळमळ होती. त्यासाठी उतारवयाकडे झुकताना त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडितेने या कामासाठी सोपी मराठी निवडली, हे विशेष. समाजाने टाकून दिलेल्या मुक्तीमधील मुली व स्त्रिया तेथील छापखान्यात खिळे जुळवीत. १९२१ साली रमाबाईंची कन्या मनोरमा निवर्तली. त्या दुःखातही काम थांबले नाही. भाषांतर पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, आणि १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झाले.

रमाबाई कॅथलिक नव्हत्या. कदाचित म्हणूनच आपल्या मंडळींत त्यांच्या या कार्याचा उल्लेख क्वचित होतो. हे आपले उणेपण आहे, असे आम्हाला नम्रपणे वाटते. पूर्वेकडील अनाम मठवासी, बाझलचा कॅथलिक विद्वान, कॉन्स्टंटिनोपलचा ऑर्थोडॉक्स अभ्यासक आणि केडगावची मराठी पंडिता हे सारे एकाच सेवेचे वाटेकरी आहेत.

मग आपण काय म्हणावे?

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पोप पॉल सहावे यांनी १९६९ साली जाहीर केलेल्या मिस्साविधीत प्रभूच्या प्रार्थनेनंतर धर्मगुरू एक लहान प्रार्थना म्हणतात आणि त्यावर सर्व भाविक जे उत्तर देतात, ते हेच वाक्य आहे. म्हणजे प्रत्येक मिस्सामध्ये आपण ते म्हणतोच, फक्त थोडे थांबून. कॅथलिक ख्रिस्तसभेची धर्मशिक्षाही प्रार्थनेच्या अर्थविवरणात या समारोपाला स्थान देते.

म्हणून यापुढे अशा संमिश्र मेळाव्यात प्रार्थना म्हणण्याची वेळ आली, तर शेजाऱ्याचा आवाज पुढे जाताना आपण ओठ मिटून उभे राहू नये. त्याच्याबरोबर तेही वाक्य निःशंकपणे म्हणावे. आणि तो आपल्याबरोबर थांबला, तर त्याचेही आभार मानावेत. त्या दिवशी अंगणात ज्यांची शब्दाशब्दी झाली, ते सर्व एकाच पित्याला हाक मारीत होते.

आपल्या घरातील बायबल आज उघडावे, मत्तय ६:१३ काढावे आणि ते वाक्य तेथे मजकुरात आहे, कंसात आहे की तळटीपेत आहे, हे मुलांसोबत पाहावे. तो कंस किंवा ती तळटीप पाहून घाबरू नये. तिच्यामागे शेकडो वर्षांचे प्रामाणिक श्रम आहेत. ज्या हातांनी हा शब्द आपल्यापर्यंत पोहोचवला, त्या ज्ञात-अज्ञात हातांसाठी प्रभूचे आभार मानू या.