आवाज स्वच्छ हवा? आधी माइकची वायर पाहा!



आपल्यापैकी बरेच जण आता घरीच पाठ, कविता, गोष्टी रेकॉर्ड करतात. खोलीचा एक कोपरा, खिडकीला जाड चादर, एक माइक आणि लॅपटॉप, झाला आपला स्टुडिओ! माइक कोणता घ्यावा यावर आपण आठवडाभर चर्चा करतो. वायर मात्र दुकानदार देईल ती घेतो. मीही तेच केलं होतं. त्याची किंमत माझ्या वर्गातल्या एका मुलीने मोजली, म्हणून हा लेख.

या मुलीला पुस्तक अगदी डोळ्यांजवळ धरल्याशिवाय अक्षर दिसत नाही. म्हणून मी तिच्यासाठी पाठ रेकॉर्ड करून आईच्या मोबाइलवर पाठवत असे. एकदा श्रुतलेखनात तिने 'थाट'ऐवजी 'ताट' आणि 'फळ'ऐवजी 'पळ' लिहिलं. मला वाटलं, तिचं लक्ष नव्हतं. ती म्हणाली, "बाई, तुमच्या मागे सारखी गिरणी चालू असते." घरी येऊन हेडफोन लावून ऐकलं. खरंच, सगळ्या पाठांमागे घर्रर्र असा आवाज! डोळ्यांनी वाचणाऱ्या मुलाला तो चालून जातो. कानांनी वाचणाऱ्या मुलाची त्यात अक्षरंच बुडतात.

हा आवाज येतो कुठून?

आपण बोलतो तेव्हा साध्या डायनॅमिक माइकमधून निघणारा विद्युत संदेश जेमतेम एक-दोन मिलिव्होल्टचा असतो. भिंतीतल्या वायरमध्ये २३० व्होल्ट असतात, म्हणजे लाखपटीहून जास्त! ही घरगुती वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि तिच्या जवळून जाणारी माइकची वायर ते हेलकावे अंगावर घेते. पुढे मिक्सर किंवा ऑडिओ इंटरफेस आपला नाजूक आवाज मोठा करतो, तेव्हा ही गुणगुणही त्याच्याबरोबर मोठी होते.

नारायणगावकरांना हे समजायला खोडदची दुर्बीण पुरेशी आहे. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश अवकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपतात. आजूबाजूचा माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी, हे ती जागा निवडण्याचं एक कारण होतं. डिशकडून येणारे संदेश ऑप्टिकल फायबरमधून मुख्य इमारतीत येतात. संदेश क्षीण असला की वाटेत त्याला जपावं लागतं. आपल्या कोपऱ्यातही नियम हाच.

वायरच्या पोटात काय असावं?

चांगल्या माइक केबलमध्ये एकमेकींना पिळा घातलेल्या दोन बारीक वायरी असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याची जाळी किंवा धातूचा पातळ पापुद्रा असतो. या आवरणाला शिल्ड म्हणतात. बाहेरून येणारा बराचसा गोंगाट शिल्डच अडवते. उरलेल्याचा बंदोबस्त पिळा करतो. पिळ्यामुळे दोन्ही वायरींवर गोंगाट जवळजवळ सारखा बसतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी या पिळ्याचं पेटंट १८८१ मध्येच घेतलं होतं.

पण दोन्हींवर सारखा बसून फायदा काय? वर्गात करून दाखवा. एका मुलाची उंची १३० सेंमी, दुसऱ्याची १२०. फरक १०. आता दोघांनाही ५ सेंमी उंच पाटावर उभं करा. उंची झाली १३५ आणि १२५. फरक? तोच, १०! मिक्सर दोन वायरींमधला फक्त फरक मोजतो. फरक म्हणजे आपला आवाज, पाट म्हणजे गोंगाट. दोघांखाली सारखाच पाट असेल तर तो हिशेबातून निघून जातो. यालाच बॅलन्स्ड जोडणी म्हणतात. माझी चूक इथेच होती. मी आणलेल्या केबलच्या एका टोकाला तीन पिनांची कॅनन (एक्सएलआर) होती, तर दुसऱ्या टोकाला मोनो पी-३८ पीन. मोनो पिनेत दुसरी वायर शिल्डला जोडली जाते. म्हणजे पाट एकाच मुलाच्या पायाखाली, मग फरक चुकणारच.

दुकानात काय मागाल?

१. "टू कोर, शिल्डेड, बॅलन्स्ड माइक केबल, दोन्ही टोकांना कॅनन" असं स्पष्ट मागा. स्पीकरची वायर चालत नाही.

२. केबल रोज गुंडाळणार असाल तर विणलेल्या जाळीची शिल्ड घ्या, ती लवचीक असते. भिंतीवर कायमची बसवायची असेल तर पापुद्र्याची चालते.

३. नुसती जाडी पाहून भुलू नका. साधारण ६ मिमी जाडीची केबल पुरते. जाड रबराच्या आत विरळ जाळी असू शकते, म्हणून कापलेलं टोक पाहायला मागा.

४. माइकपासून इंटरफेसपर्यंतचा रस्ता सुतळीने मोजा, त्यात एक-दोन मीटर वाढवा. बॅलन्स्ड केबल ३० मीटर असली तरी बिघडत नाही, पण उगाच लांब घेतली तर तिचा गुंता पायात येतो.

५. यूएसबी माइक असेल तर यातलं काही लागत नाही. फक्त त्याची वायर ५ मीटरपेक्षा लांब नको.

जोडणी आणि तपासणी

कॅननवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. १ ला शिल्ड, २ आणि ३ ला आतल्या दोन वायरी. दोन्ही टोकांना क्रम एकच ठेवा. माइकच्या बाजूला फिमेल टोक येतं, इंटरफेसच्या बाजूला मेल. सोल्डरिंग झालं की मल्टिमीटरने तपासा: १ ते १, २ ते २, ३ ते ३ अशी बीप वाजली पाहिजे आणि आपसात कुठेही वाजता कामा नये. कंडेन्सर माइकला याच वायरींतून ४८ व्होल्टची फँटम पॉवर जाते, म्हणून ही तपासणी टाळू नका.

वायर टाकताना

माझी दुसरी चूक म्हणजे वायर दिसू नये म्हणून मी ती एक्स्टेन्शन बोर्डाच्या वायरीबरोबर एकाच केसिंग पट्टीत बसवली होती. असं कधीही करू नका, ते सुरक्षितही नाही. माइकसाठी वेगळी पट्टी घ्या आणि विजेच्या वायरीपासून निदान फूटभर लांब ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. इन्व्हर्टर, चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर यांच्यापासून दूर राहा. कोपऱ्यात वायर घडी घालून दाबू नका, गोलसर वळवा. दारात चेपणार नाही हे पाहा.

आमच्याकडे तमाशाच्या राहुट्या पडतात तेव्हा साउंडची माणसंही येतात. त्यातल्या एका दादांनी मला वायर गुंडाळायला शिकवली: एक वेढा सुलटा, एक उलटा. कोपराभोवती गुंडाळली की पीळ पडतो आणि आतली तार तुटते. "बाई, वायर पाहिजे तशी नाही, तिला वळायचंय तशी गुंडाळायची," असं ते म्हणाले. मुलांच्या बाबतीतही हे खरं आहे!

तरीही गुणगुण आली तर?

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा. गुणगुण थांबली तर दोष वायरीचा नाही, चार्जरच्या किंवा अर्थिंगच्या वाटेने येतोय. आवाज जावा म्हणून प्लगची अर्थिंगची पीन मात्र कधीही काढू नका. जिवाशी खेळ आहे तो. वायरमनला बोलवा. आणि खोलीचा घुमारा कोणतीच वायर घालवत नाही, त्यासाठी गोधड्या आणि पडदेच लावावे लागतात.

नवी केबल बसवून मी सगळे पाठ पुन्हा रेकॉर्ड केले. त्यात दोन रविवार गेले. पुढच्या श्रुतलेखनात तिने 'थाट' लिहिलं आणि मान वर करून म्हणाली, "बाई, गिरणी बंद झाली."

तुमचंही एक जुनं रेकॉर्डिंग आज हेडफोन लावून, शेवटपर्यंत ऐका. मुलं तेच ऐकत असतात.