पद्मिनीचा पत्रा, स्विफ्टचा सांगाडा

‘आताच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे!’ प्रीमिअर पद्मिनीचा विषय निघाला की जालन्यात हे वाक्य हमखास येतं. स्टीलचं गाव, त्यामुळे ते अधिकारवाणीनं येतं. पण जालन्याच्या सळईनंच हे खोडून काढलंय.

आधी मापं घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी सेडान खरी, पण लांबी सुमारे ३.९३ मीटर आणि इंजिन १०८९ सीसी. म्हणजे ४ मीटर, १२०० सीसीच्या आजच्या करनियमात ती ‘छोटी गाडी’च ठरली असती. २०२४ ची स्विफ्ट ३.८६ मीटर लांब, ११९७ सीसी. वजनही दोघींचं ९०० किलोंच्या आसपास. तेवढ्याच वजनात स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग आल्या, एसी आला, रुंदी वीतभर वाढली आणि ताकद दुप्पट झाली. हे जमलं पातळ, पण जास्त ताकदीच्या पोलादामुळे.

जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि त्याची सळई होते. (कुणाच्या स्लॅबमध्ये एखादी पद्मिनी असेलही!) टीएमटी सळई लालभडक असतानाच पाण्याच्या माऱ्यातून जाते. बाहेरचं कडं कठीण होतं, गाभा मऊ राहतो. भूकंपात सळईनं वाकावं, तुटू नये, यासाठी हा खटाटोप. नव्या गाडीतही कामं अशीच वाटलेली असतात. बॉनेटखालचा भाग चेपायचा, माणसं बसतात तो पिंजरा मात्र शाबूत राहायला हवा. धडकेचा जोर चेपण्यातच खर्ची पडतो. पद्मिनीत अशी वाटणी नाही. पत्रा जाड, पण स्टिअरिंगचा दांडा थेट छातीच्या रोखानं.

अमेरिकेत २००९ मध्ये १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची मालिबू ताशी ६४ किलोमीटर वेगानं समोरासमोर धडकवल्या. थोराड बेल एअरमधला चालक वाचला नसता. मालिबूतल्याचं पायाच्या दुखापतीवर निभावलं असतं. आपल्या समृद्धी महामार्गावर तर वेगमर्यादा ताशी १२० आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली पद्मिनी तिथं न्यायला मी तरी धजावणार नाही.

एका बाबतीत मात्र पद्मिनीला तोड नाही. ती बंद पडली तर बॉनेट उघडून काय बिघडलंय ते डोळ्यांनी दिसतं. कार्बोरेटरमध्ये कचरा, पॉइंटला काजळी, सैल पट्टा. पाना, पॉलिश पेपर आणि थोडी फुंकर यावर गाडी घरी येते. स्विफ्टमध्ये दिवा लागला की स्कॅनर लावल्याशिवाय मिस्त्रीही बोलत नाही. अर्थात ती मुळात बंदच क्वचित पडते, हेही खरं.

पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, म्हणजे पहिल्या पद्मिनींनी आता पन्नाशी ओलांडली. मूळ रूपात असलेल्या अशा गाडीला २०२१ च्या नियमांनुसार २०,००० रुपये भरून विंटेज नोंदणी मिळते. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर, जालन्याच्या २१ सह, तसाच राहतो; ‘एमएच’नंतर ‘व्हीए’ येतं ते फक्त नव्यानं नोंदणाऱ्या गाडीच्या पाटीवर. मग गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, इंधनाला किंवा दुरुस्तीलाच बाहेर काढायची. रोज बाजारात न्यायची हौस असेल, तर हा मान न घेतलेलाच बरा. फिटनेस करून, पर्यावरण कर भरून साधी नोंदणीच ठेवावी.