बेसन नाही, सोडा नाही, तरी हलका! ब्राझीलचा चवळीचा वडा 'आकाराजे' घरी कसा करायचा?

चवळी, कांदा आणि मीठ. वड्यात एवढंच असतं. तरीही आकाराजे नीट जमला तर बाहेरून कडक आणि आतून जाळीदार, पांढराशुभ्र होतो. बिघडला तर मात्र दगड.

आकाराजे हा ब्राझीलच्या ईशान्येकडील बाईया राज्याचा रस्त्यावरचा पदार्थ. राज्याची राजधानी साल्व्हादोर. तिथे संध्याकाळी चौकात, समुद्रकिनाऱ्यावर पांढरा घेरदार झगा, डोक्याला फडकं आणि गळ्यात मण्यांच्या माळा घातलेल्या बायका कढई मांडून बसतात. त्यांना 'बायाना' म्हणतात. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "गरम की थंड?" इथे नवखा माणूस हमखास फसतो. वडा तर कढईतूनच निघतो, मग थंड कसा? हा प्रश्न तिखटाचा असतो. 'गरम' म्हणजे मिरचीची चटणी घालून, 'थंड' म्हणजे न घालता.

हा वडा आला कुठून?

पश्चिम आफ्रिकेतून. नायजेरियातले योरुबा लोक आजही चवळीचे असेच वडे खातात आणि त्यांना 'अकारा' म्हणतात. योरुबात 'जे' म्हणजे खाणे. या दोन शब्दांतून 'आकाराजे' झालं. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांबरोबर हा पदार्थ अटलांटिक ओलांडून आला. चवळीसुद्धा मूळची आफ्रिकेचीच. आपल्याकडे ती फार पूर्वी पोहोचली.

ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ साली संपली. त्याआधी साल्व्हादोरच्या रस्त्यांवर गुलाम आणि मुक्त झालेल्या बायका डोक्यावर पाटी घेऊन खाद्यपदार्थ विकत. गुलाम बाईला कमाईतला ठरलेला हिस्सा मालकाला द्यावा लागे. उरलेले पैसे साठवून काहींनी स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं. कांदोम्ब्ले या आफ्रिकी मुळाच्या धर्मात आकाराजे हा वारा-वादळाची देवता इयान्सां हिचा नैवेद्य आहे. आजही अनेक बायाना पहिले काही छोटे वडे देवतांसाठी बाजूला काढतात.

म्हणून या वड्यावरून भांडणंही होतात. काही इव्हँजेलिकल ख्रिस्ती विक्रेत्यांनी कांदोम्ब्लेशी नातं नको म्हणून तोच वडा 'येशूचा वडा' या नावाने विकायला सुरुवात केली, तेव्हा मोठा वाद झाला. बायानांच्या या व्यवसायाला २००५ साली राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद मिळाली. पण पुढे २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाची तयारी सुरू झाली आणि स्टेडियमच्या आवारात बाहेरच्या विक्रेत्यांना बंदी, असा फिफाचा नियम पुढे आला. म्हणजे साल्व्हादोरच्या स्टेडियमवर आकाराजे नाही! बायानांनी सह्यांची मोहीम काढली, निदर्शनं केली आणि अखेर मोजक्या जणींना का होईना, आत जागा मिळाली.

आता कढईकडे वळू.

पाव किलो चवळीत साधारण दहा-बारा वडे होतात. चवळी रात्रभर भिजत घालायची. सकाळी खरी मेहनत असते ती सालं काढण्याची. साल राहिलं तर पीठ जड होतं आणि वड्यावर काळे ठिपके दिसतात. हाताने चोळून सालं निघतात, पण वेळ खातात. सोपी युक्ती म्हणजे भिजलेली चवळी भरपूर पाण्यासह मिक्सरमध्ये घालून दोन-तीनदा फक्त झटके द्यायचे. दाणे फुटतात, सालं सुटतात आणि पातेल्यात ओतल्यावर वर तरंगतात. पाणी ओतून टाकायचं, पुन्हा घालायचं. चार-पाच वेळा केलं की काम झालं. काही वाण्यांकडे सोललेली चवळीची डाळ मिळते. ती मिळाली तर हा सगळा खटाटोप वाचतो.

डाळ पूर्ण निथळून एका मध्यम कांद्याबरोबर वाटायची. पाणी शक्यतो घालायचंच नाही, कारण कांद्याला पाणी सुटतंच. पीठ सैल झालं की वडा तेलात पसरतो आणि मग बेसन घालायचा मोह होतो. तो टाळायचा.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची: फेटणे. बायाना मोठ्या लाकडी चमच्याने पीठ घोटत राहतात. घरी हाताने किंवा बीटरने दहा मिनिटं एकाच दिशेने फेटायचं. चवळीतली प्रथिनं हवेचे बुडबुडे धरून ठेवतात. पीठ पांढरं पडतं, फुगतं. उडीदवड्याची परीक्षा इथेही चालते: थेंबभर पीठ पाण्यात टाकलं तर ते तरंगलं पाहिजे. मीठ अगदी शेवटी, तळण्याच्या आधी, म्हणजे पिठाला पाणी सुटत नाही.

आता तेल. बाईयात आकाराजे 'देंदे'त, म्हणजे आफ्रिकी पामच्या लालभडक तेलात तळतात. आपल्याकडचं पामतेल त्याच झाडाचं असतं, पण शुद्धीकरणात त्याचा रंग आणि वास दोन्ही जातात. त्यामुळे ते वापरून काही साधत नाही. लाल पामतेल मिळालं तर साध्या तेलात थोडं मिसळावं. नाही तर शेंगदाणा तेल. वडा छानच होईल, फक्त बाईयाचा माणूस त्याला आकाराजे म्हणणार नाही. रंगासाठी हळद घालणं तर शुद्ध फसवणूक!

तेल चांगलं तापवून आच मध्यम करायची. दोन चमच्यांनी लांबट गोळा करून सोडायचा. बुडेल इतकं तेल हवं. दोन्ही बाजूंनी मिळून सहा-सात मिनिटं लागतात. घाई केली तर आत कच्चा राहतो आणि कच्ची चवळी पोटाला त्रास देते.

नुसता वडा म्हणजे अर्धाच पदार्थ. तो मधून चिरून आत 'वातापा' भरतात. त्याचं सामान मराठी घरात सापडतंच. तीन-चार पाव नारळाच्या दुधात भिजवायचे, त्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे, काजू, आलं, कांदा आणि थोडी भाजलेली सुकट घालून वाटायचं. मग थोड्या तेलात कडा सुटेपर्यंत ढवळत शिजवायचं. सुकट नको असेल तर वगळा. यातला काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला. 'पाव' हा शब्दही त्यांच्याच भाषेतला.

वरून बारीक चिरलेला टोमॅटो-कांदा, भाजलेली सुकी कोळंबी किंवा सोडे आणि हवी असेल तर मिरचीची चटणी. वडा तळल्या तळल्या खायचा. अर्ध्या तासाने तो मऊ पडतो. पीठ उरलं तर केळीच्या पानात बांधून वाफवायचं. बायानांच्या पाटीवर तेही असतं, त्याला 'आबारा' म्हणतात.