मारणे, खाणे आणि छळणे

मांस-मासे खावेत की नाही, हा वाद आपल्याकडे फार जुना. एकाच आळीत माळकऱ्याच्या घरी मासळीचा वास चालत नाही, आणि शेजारी सुक्या बोंबलाशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही. दोन्ही घरची माणसे सज्जन. मग नीती कोणाच्या बाजूची?

बौद्ध भिक्षूंनी मासे व मांस पूर्ण वर्ज्य करावे, असा आग्रह देवदत्ताने धरला होता. बुद्धांनी तो मानला नाही. आपल्यासाठी प्राणी मारला हे भिक्षूने पाहिले नसेल, ऐकले नसेल, तशी शंकाही नसेल, तर भिक्षेत आलेले खाण्यास त्यांनी मुभा ठेवली. जैन विचाराचा यावर आक्षेप असा, की खाणाराच नसेल तर मारणारा मारील कशाला?

आक्षेपात तथ्य आहे. भिक्षू मिळेल ते घेतो. आपण पैसे मोजून घेतो. ‘मी कुठे मारले?’ असे गिऱ्हाइकाला म्हणता येत नाही. ज्याला हे पटले त्याने खाणे सोडावे, हे उत्तमच. पण जो खातो, त्याच्यावरही काही बंधने येतातच.

पहिले बंधन, छळ नको. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्याविरुद्धचा १९६० चा कायदा अन्नासाठी प्राणी मारणे हा गुन्हा मानत नाही. पण त्यात विनाकारण यातना देणे मात्र गुन्हा ठरते. बाजाराच्या दिवशी सायकलीला पाय बांधून उलट्या लोंबकळणाऱ्या कोंबड्या आठवा. त्यांना मरण चुकणार नसेल, पण ती वाट तरी चुकवता येईल ना?

दुसरे, बीज राखावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण पावसाळ्यात पुष्कळ जातींची मासळी अंडी घालते. पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राने राज्यमासा ठरवले. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारही ठरला. त्याहून लहान मासा पकडू नये. पण पिल्लांना गिऱ्हाईक असेल, तर बारीक आसाचे जाळे पाण्यात पडणारच. आज तळहातापेक्षा लहान पापलेट स्वस्तात घेतले, तर उद्या कोळ्याच्या पोराने समुद्रात जायचे कशासाठी?

आणि जो खात नाही, त्यानेही मनाशी एक विचारावे: आपल्याला दूध देणारी गाय आटली, तिला गोऱ्हा झाला, म्हणजे पुढे त्यांचे काय होते?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. वर्गात एखाद्या पोराच्या डब्यात सुकट निघाली आणि इतरांनी नाके मुरडली, तर गप्प राहू नका. न खाणाऱ्यालाही कोणी आग्रह करू नये. जिवावर दया करण्याचा धडा शेजारच्या पोराला हिणवून शिकवता येत नाही. कोंबडीची दया येणाऱ्याला त्या पोराचीही यायला हवी. आणि डबा खाणाऱ्यालाही ठाऊक असावे, की आपल्या पानात आलेला घास हा कोणाचा तरी जीव होता.